चूकभूल क्षमा असावी

तंजावूर,
२१ जून १९९७

चि. श्रीकर,

आशीर्वाद आधी घे, रागवायचं ते मग.

तुझा लिफाफा आज दुपारी आला. पत्ता तुझ्या हातचा, आत मात्र तुझं एक अक्षर नाही. नुसते झेरॉक्स कागद, तेही आडवेतिडवे दुमडलेले. पाच वर्षांनी भावाचं टपाल आलं म्हणून मी फिल्टर कापीचं दूध गॅसवर तसंच ठेवून दारातच लिफाफा फोडला. निघालं काय, तर तुझ्या शाळेचा मेमो आणि त्याला तू दिलेलं उत्तर. दूध उतू गेलं. त्याचाही दोष तुझ्यावर.

पण मला कळलं. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. पायात काटा गेला की रडायचा नाहीस, बोलायचा नाहीस, नुसता पाय माझ्यापुढं धरायचास. हा लिफाफा म्हणजे तोच पाय. तर आण इकडे, बघते.

मेमो वाचला. ‘संस्थेच्या हिताविरुद्ध वर्तन.’ कारण काय, तर नववी पास झालेल्या कीर्तना नावाच्या मुलीच्या आईला तू सांगितलंस की, टीसीसाठी अर्ज तुम्ही केल्याशिवाय शाळा मुलीला काढू शकत नाही, तेव्हा मनात नसेल तर अर्ज करू नका. शाब्बास! हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. तुझ्या शाळेला दहावीचा शंभर टक्के निकाल हवा. गावात नव्या इंग्रजी शाळा निघाल्या, त्यांच्या फाटकांवर कम्प्युटरची चित्रं लागली, मग यांनीही कापडी फलक लावायला नको का? म्हणून काठावर पास झालेली मुलं मे महिन्यातच गोड बोलून बाहेर काढायची. हे मला नवीन नाही. तीस वर्षं शिकवलं आणि त्यातली दहा हेडमिस्ट्रेस म्हणून खुर्चीत काढली, असे किती करस्पॉन्डंट पाहिले. आपल्याकडे संस्थेच्या मालकाला करस्पॉन्डंट का म्हणतात देव जाणे, पत्र लिहिणारा त्यांच्यात एक नसतो.

आता तुझं उत्तर. पहिली दोन पानं उत्तम. मुद्दे बरोबर, इंग्रजी स्वच्छ. आणि मग शेवटची ओळ! ‘माझ्याकडून काही चूकभूल झाली असल्यास क्षमा असावी.’

अरे शहाण्या, हे कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर आहे की सासुरवाडीला लिहिलेलं पत्र?

चूक तुझी नाही म्हणा. अप्पांनी आपल्याला बाळबोध अक्षर शिकवलं तेच मुळी पत्रं लिहायला लावून, आणि शेवटी ही ओळ नसेल तर पत्र परत. दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी ही ओळ. पालिकेला गटाराची तक्रार केली तरी गटार तुंबल्याबद्दल आपणच क्षमा मागायची. आपल्या राजवाड्याच्या गल्लीतली अर्धी घरं आजही तमिळमध्ये लिहितानासुद्धा ही ओळ लिहितात. पण कायद्यात असल्या ओळीला एक नाव मिळू शकतं: कबुली. आणि तुझा करस्पॉन्डंट तेच नाव देणार, लिहून ठेव.

आता उत्तर बदलता येत नाही. पुढचा कागद आला की मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. आणि आजपासून मीही ती ओळ लिहिणं बंद करते.

तुझी अक्का,
कृष्णवेणी

तंजावूर,
३ जुलै १९९७

चि. श्रीकर,

‘निलंबित केलं. काय करू?’ पाच वर्षांत तू मला लिहिलेले हे पहिले चार शब्द. आनंदाची बातमी नव्हती तरी मला आनंद झाला. आता ऐक, आणि मास्तर असलास तरी थोडा वेळ विद्यार्थी हो.

निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशी होईपर्यंत तुला बाजूला बसवलं आहे, इतकंच. कढई उतरवून ठेवली म्हणजे भाजी करपली असं नाही. खासगी शाळांसाठी आपल्या राज्यात त्र्याहत्तर सालचा कायदा आहे. त्यात निलंबनाला मुदत आहे, तोवर निर्वाह भत्ता आहे, आणि मुख्य म्हणजे शिक्षणाधिकाऱ्याची आधी मान्यता घेतल्याशिवाय तुला कुणी बडतर्फ करू शकत नाही. त्यामुळे करस्पॉन्डंट तुला बडतर्फ करण्याऐवजी खुर्ची देईल, कापी देईल आणि म्हणेल, मास्तर, तुम्ही स्वतःच राजीनामा द्या, चांगलं सर्टिफिकेट देतो. राजीनाम्याला चौकशी लागत नाही. म्हणून तो द्यायचा नाही. कापी पी हवी तर.

दुसरं, नैसर्गिक न्याय. मोठा शब्द आहे, पण त्यात घरातल्याच दोन गोष्टी आहेत. ज्याच्यावर आळ आहे त्याचं म्हणणं पूर्ण ऐकायचं. आणि ज्याचं प्रकरण आहे त्यानंच निवाडा करायला बसायचं नाही. तुझ्या चौकशी समितीचा अध्यक्ष स्वतः करस्पॉन्डंटच आहे ना? मग पहिल्या दिवशी उभा राहून सभ्यपणे सांग की, तक्रार यांची आहे, म्हणून यांनी खुर्ची सोडावी. लेखी दे.

हे लिहिताना हात जरा थांबला. कारण तुला आठवेल, ब्याण्णव साली माझ्या शाळेत गणिताची जागा निघाली, तू अर्ज केलास, आणि मुलाखतीला तुझं नाव पुकारल्यावर मी निवड समितीतून उठून बाहेर गेले. तुला वाटलं, अक्कानं पाठ फिरवली. जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. अरे, मी उठले ती याच नियमासाठी. आज तू करस्पॉन्डंटला जे करायला सांगणार आहेस तेच मी न सांगता केलं होतं. त्याबद्दल मला तेव्हा पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. बाहेर बाकावर बसून मात्र मी तुझ्यासाठी रामरक्षा म्हणत होते. त्याला कायद्यात बंदी नाही.

काल धनलक्ष्मी आली होती, कीर्तनाची आई. तुमच्या पापनाशमहून सकाळच्या बसनं, पिशवीत चार नारळ घेऊन. उंबऱ्याच्या आत येईना.

“तुमीच मास्तरांच्या अक्का?”

“हो. आत ये.”

“पोर रोज शाळेत जाते, अम्मा. बसते. पण हजेरीत तिचं नावच घेत नाहीत. ती आपली आपणच हजेरी देते, ‘उळ्ळेन अय्या’ म्हणते, की वर्ग हसतो.” मग म्हणाली, “माझ्यापायी मास्तरांची नोकरी गेली तर मी अर्ज देऊन टाकते. एक पोर नाही शिकली तर काय होतं?”

मी तिला म्हटलं, तू अर्ज दिलास तर मास्तर खोटे ठरतील आणि पोर घरी बसेल, दोन्हीकडून बुडालं. आणि हेही सांगितलं की, चौदा वर्षांपर्यंतच्या लेकरांचा शिकायचा हक्क सुप्रीम कोर्टानं चारच वर्षांपूर्वी मूलभूत मानला आहे. ती म्हणाली, “कीर्तनाला चौदा येत्या मार्गळी महिन्यात पुरी होतात, अम्मा.” म्हणजे पोरगी अजून हक्कात आहे! मला तिला मिठी मारावीशी वाटली. नारळ दोन ठेवून घेतले, दोन परत दिले.

तेव्हा इथं तुझी एकट्याची नोकरी नाही, हे ध्यानात ठेव. तुझी बाजू पडली तर त्या पोरीचं नाव पुन्हा कुणी पुकारणार नाही.

अक्का

तंजावूर,
१९ जुलै १९९७

चि. श्रीकर,

पूर्ण एक पान लिहिलंस! अक्षर बिघडलं आहे, ‘क्ष’ तर ओळखू येत नाही, पण मी तीनदा वाचलं.

तर तू उभा राहिलास, करस्पॉन्डंट लाल झाला आणि खुर्ची सोडावी लागली. सूर्यनारायण सर अध्यक्ष झाले हे ठीक झालं. निवृत्त हेडमास्तर आहेत, सावकाश बोलतात, पण ऐकतात. आणि करस्पॉन्डंटनं माझ्या म्हणण्याप्रमाणेच तुझी शेवटची ओळ वर काढली. ‘ज्याची चूक नाही तो क्षमा कशाला मागेल?’

कायद्याचं उत्तर सोपं आहे. कबुली धरायची तर ती स्पष्ट हवी आणि बिनशर्त हवी. तुझ्या ओळीत ‘असल्यास’ आहे. असल्यास म्हणजे नसेलही. हे मी तुला लिहून पाठवते आहे, तसंच्या तसं दे.

पण तू लिहितोस की सूर्यनारायण सर म्हणाले, “मास्तर, ही तुमच्या लोकांची रीत आहे असं तुम्ही म्हणता, पण मला ती ठाऊक नाही. दाखवा.” रास्त आहे. मग दाखवायला हवं. माझ्याकडे अप्पांची पत्रं आहेत. पण करस्पॉन्डंट म्हणेल, बाप नम्र होता, मुलाचं काय? तुझ्याच हातचं पत्र हवं. आणि असं हवं की, ज्यात तू नम्र नव्हतास, क्षमा मागायचं तुझ्या मनातही नव्हतं, आणि तरी शेवटी ती ओळ आहे.

असं एकच पत्र आहे. तुलाही ठाऊक आहे कोणतं.

कुठं तरी पडलं असेल. शोधते.

अक्का

तंजावूर,
३० जुलै १९९७

चि. श्रीकर,

पत्र सापडलं. जुन्या कागदांत होतं.

शनिवारच्या चौकशीला मी येते. वाचून दाखवायचं काम मी करणार नाही, मी तुझी बहीण, माझ्या भाषांतरावर कुणी का विश्वास ठेवावा? तुळजाराम मामांना आणते. आपल्या गल्लीत चष्मा न लावता बाळबोध वाचणारे तेच एक उरले. काल त्यांना दाखवलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

“वेणी, पोरानं फार कडू लिहिलं आहे. अवघं वाचू?”

“अवघं वाचा, मामा. मधलं गाळलं तर खोटं होईल.”

“चारचौघांत? तुझीच अब्रू.”

“माझी अब्रू कशास जाते? लिहिलं त्यानं.”

मग त्यांनी कागद उजेडाकडे धरला. “खालच्या ओळीवर हे तेल कशाचं?” म्हटलं, स्वयंपाकघरात सांडलं असेल.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घाल. आणि तुला जे विचारतील त्याला खरं उत्तर दे. माझ्याकडे बघू नकोस.

अक्का

तंजावूर,
१२ ऑगस्ट १९९७

चि. श्रीकर,

त्या शनिवारी तू माझ्याशी न बोलता गेलास. मी मामांना हाताला धरून पायऱ्या उतरवीपर्यंत तुझी सायकल फाटकाबाहेर गेली होती. त्यानंतर तुझं पत्र नाही. म्हणून मीच लिहिते, कारण मला त्या दुपारबद्दल काही सांगायचं आहे, आणि ते मी चौकशीत सांगितलेलं नाही. मला कुणी विचारलं नाही.

मामांनी छान वाचलं. आधी मराठी, मग तमिळ. ‘तू माझी अक्का नव्हेस, नुसती खुर्ची आहेस.’ पंखा घरघरत होता तरी सगळं ऐकू आलं. ‘आई गेली त्या दिवशी मी पोरका झालो नव्हतो, आज झालो.’ कारकून बाई माझ्याकडे बघायच्या थांबल्या. ‘तुझ्या घरचा उंबरा मी पुन्हा चढणार नाही, तुझ्या हातचं पाणी घेणार नाही.’ आणि लगेच, श्वास न घेता, ‘चूकभूल क्षमा असावी, लोभ असावा ही विनंती.’

सूर्यनारायण सरांना हसू आवरेना. खरं सांगते, मलाही. पाणी नको म्हणतोस आणि लोभ मागतोस!

पण करस्पॉन्डंट हुशार माणूस. उठून म्हणाला, “एकच प्रश्न. मास्तर, आईच्या जागी असलेल्या बहिणीला तुम्ही हे लिहिलंत आणि शेवटी क्षमा मागितलीत. ती मनापासून मागितलीत, की तीसुद्धा नुसती रीत?”

मनापासून म्हणालास तर मेमोच्या उत्तरातली ओळही मनापासूनची ठरते. रीत म्हणालास तर बहिणीसमोर निगरगट्ट ठरतोस. बघू नकोस म्हटलं होतं तरी तू माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीबाहेर बघितलं.

“रीत होती,” तू म्हणालास. “तेव्हा क्षमा मागायचं माझ्या मनात नव्हतं.”

सरांनी ते उतरून घेतलं. माझ्यातली हेडमिस्ट्रेस मनात म्हणाली, जिंकलास. स्पष्ट उत्तर, बिनशर्त. आणि तुझ्या अक्काला रडू आलं. मी पदरानं डोळ्यांतली धूळ काढली, कुणाला कळलं नाही.

आता सांगते. ते पत्र जुन्या कागदांत नव्हतं. देवाच्या फळीवर होतं, समईखाली. दर शुक्रवारी समई घासायला उचलली की मी ते उघडायची. वरचा मजकूर तळहातानं झाकायची आणि शेवटची ओळ तेवढी वाचायची. तेल तिथलं आहे. श्रीकरनं क्षमा मागितली आहे, लोभ मागितला आहे, असं म्हणायची आणि पुन्हा घडी करायची. दुसऱ्या कुणाच्या प्रकरणात मी असला पुरावा उचलून फेकला असता. माझ्या प्रकरणात मीच न्यायाधीश झाले होते ना. पाच वर्षं त्या एका ओळीवर काढली, आणि बरी काढली.

मग तुझा लिफाफा आला, आणि मला दिसलं की तुझी नोकरी राहायची तर हीच ओळ खोटी आहे हे मलाच नेऊन सिद्ध करायला हवं. ते पत्र चुलीत घातलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण धनलक्ष्मीची पोर आठवली, आपलं आपणच ‘उळ्ळेन’ म्हणणारी. दिली ओळ. आता ते पत्र तुमच्या फायलीत पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं आहे, त्यावर निशाणी क्रमांक आहे, आणि सरांच्या हस्ताक्षरात नोंद आहे की मजकूर रीतीचा, हेतू नाही.

तू खरं बोललास याचा मला अभिमान आहे. खोटं बोलून मला सुखावलं असतंस तर मी तुला कधी माफ केलं नसतं. तेव्हा त्या दुपारचं ओझं घेऊन बसला असशील तर उतरव. तुला वाटत असेल अक्का दुखावली; दुखावली, पण आता बरी आहे.

आज सकाळी धनलक्ष्मी आली. या वेळी आत आली, बसली, कापी प्यायली. म्हणाली, आरोप सिद्ध नाही, मास्तर सोमवारपासून वर्गावर, आणि त्यांनी पहिल्याच तासाला हजेरी घेतली. “नाव घेतलं, अम्मा! आणि पोरीला आवाजच फुटेना. मास्तर थांबून राहिले. दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा म्हणाली.” हे सांगताना ती रडत होती आणि मीही. ही बातमी मला तुझ्याकडून कळली असती तर जास्त गोड लागली असती, पण असो.

देवाची फळी जरा रिकामी दिसते. सवय होईल.

रविवारी डांगर पच्चडी करते आहे. एकटीला जास्त होते.

तुझी,
अक्का

पापनाशम,
१४ ऑगस्ट १९९७

अक्का,

कार्डावर लिहितो. मुद्दाम. कुणी वाचलं तरी चालेल.

सूर्यनारायण सरांना सांगितलं ते खरं. तेव्हा मनात नव्हतं. सायकल दामटून पळालो, कारण तुझ्यासमोर ते म्हणून झाल्यावर कळलं की आता आहे. तू शिकवलंस तसं लिहितो, ‘असल्यास’ काढून, स्पष्ट आणि बिनशर्त. चुकलो. क्षमा असावी.

रविवारी सकाळच्या बसनं येतो. पाणी तुझ्याच हातचं घेईन.

समईखाली आता हे ठेव. आणि वरचा मजकूर झाकू नकोस.

श्रीकर